झाड सजवायचं कुणी?

डिसेंबरचा दुसरा आठवडा लागला की नर्सरी-केजीच्या दप्तरांतून एक कागद घरोघरी येतो. झेरॉक्सवरून झेरॉक्स होत आल्यामुळे रेघा जाड झालेल्या, कडेला काळपट पट्टा उमटलेला. मधोमध तीन मजली झाड, शेंड्यावर चांदणी, अंगभर गोळे आणि घंटा, बुंध्याशी फीत बांधलेली खोकी. वर ‘नाव’ आणि पुढे रेघ. त्याच संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टीचरचा निरोप पडतो : झाड रंगवून आणावे, शुक्रवारी लाल किंवा हिरवा ड्रेस.

मग स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्यांच्या साथीनं रंगभरण सुरू होतं. चार वर्षांचं पोर हिरवा खडू मुठीत धरून झाडावरून सरासरा फिरवतं. हिरवा रंग चांदणीत शिरतो, खोक्यांवर चढतो, नावाच्या रेघेपर्यंत पोचतो. ‘‘अरे, बाहेर नको जाऊ देऊस!’’ म्हणत आई त्याच्या हातावर आपला हात ठेवते. थोड्या वेळानं खडू आईच्याच हातात असतो आणि पोर गॅलरीत खेळत असतं. शुक्रवारी वर्गाच्या भिंतीवर तीस-पस्तीस झाडं लागतात. सगळी हिरवी, सगळ्यांचे गोळे लाल, सगळ्यांची चांदणी पिवळी. कुठलं कुणाचं हे कळायला नाव वाचावं लागतं.

एवढ्याशा कागदासाठी दिवाळी अंकाची पानं खर्च करायचं कारण सांगतो. ‘मुलाला छापील चित्र रंगवायला द्यावं का?’ हा बालशिक्षणातला जुना वाद आहे, आणि तो जितका या झाडावर उघडा पडतो तितका फुलपाखरावर किंवा आंब्यावर पडत नाही. आंबा रंगवला की संपला. नाताळचं झाड मात्र घरात येतं तेव्हा नुसतंच झाड असतं. घरातल्यांनी, त्यातही पोरांनी, त्यावर काहीबाही लटकवलं की ते नाताळचं होतं. कागदावर ते आधीच सजून येतं. म्हणजे त्यातला मुलांचा वाटा छापणाऱ्यानंच उरकलेला असतो.

कागदावरून पसरलेलं झाड

या झाडाच्या इतिहासात कागदाला पहिल्यापासून जागा आहे. फ्रान्स आणि जर्मनीच्या सीमेवर आल्सास नावाचा प्रांत आहे. तिथल्या सेलेस्टा या गावाच्या १५२१च्या हिशेबात नाताळच्या सुमारास झाडं राखणाऱ्या वनरक्षकांना दिलेल्या पैशांची नोंद सापडते. राखण लागत होती, म्हणजे झाडं तोडून नेणारेही होते. त्याच प्रांतातल्या स्ट्रासबुर्ग शहराबद्दल १६०५च्या एका प्रवासवर्णनात अधिक तपशील आहे. लोक घराच्या खोलीत फरची झाडं उभी करतात आणि त्यांवर रंगीबेरंगी कागदातून कापलेले गुलाब, सफरचंदं, पातळ पापडीसारख्या वेफर, सोनेरी वर्ख आणि साखरेची मिठाई टांगतात, असं तो लेखक नोंदवतो. आजच्या भाषेत सांगायचं तर चारशे वर्षांपूर्वीच्या त्या झाडावर कातरकाम होतं आणि खाऊ होता. काचेचे गोळे फार नंतर, एकोणिसाव्या शतकात, जर्मनीच्या थुरिंगिया भागातल्या लाउशा गावच्या काच फुंकणाऱ्या कारागिरांनी आणले.

सफरचंदांमागे धर्मकथा होती. जुन्या पंचांगात २४ डिसेंबर हा आदाम आणि इव्हचा दिवस. त्या सुमारास होणाऱ्या नाटकांमध्ये एदेनच्या बागेतलं झाड म्हणून सफरचंदं लावलेलं फरचं झाड रंगमंचावर आणत, कारण ऐन हिवाळ्यात हिरवं राहिलेलं दुसरं झाड मिळायचं कुठून? नाताळच्या हिरव्या-लाल जोडीचा एक धागा इथवर जातो. मार्टिन ल्यूथरनं चांदण्या रात्री झाडावर मेणबत्त्या लावल्याची कथा पुष्कळ सांगितली जाते, पण तिला समकालीन पुरावा नाही.

जर्मन भाषकांपुरतं राहिलेलं हे झाड जगभर गेलं ते मुख्यतः एका छापील चित्रामुळे. इंग्लंडच्या राजघराण्याला ते आधीपासून ठाऊक होतं; जर्मनीतून आलेल्या राणी शार्लटनं १८०० साली विंडसरला मुलांसाठी झाड सजवलं होतं. सामान्य लोकांपर्यंत मात्र ते १८४८च्या डिसेंबरात पोचलं. ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ या सचित्र साप्ताहिकानं व्हिक्टोरिया राणी, प्रिन्स आल्बर्ट आणि त्यांची मुलं टेबलावरच्या झाडाभोवती उभी असल्याचं चित्र छापलं. लाकडी ठोकळ्यावर कोरलेलं, काळ्या शाईतलं. दोन वर्षांनी फिलाडेल्फियाच्या ‘गोडीज लेडीज बुक’ या मासिकानं तेच चित्र उचललं. राणीचा मुकुट काढला, आल्बर्टच्या मिशा उडवल्या आणि राजघराण्याचं एक साधं अमेरिकन कुटुंब करून टाकलं. लंडन आणि अमेरिकेतल्या घरांनी झाडाचा घाट या चित्रांवरून उचलला. रंग त्यात नव्हताच. हिरवं किती गडद, मेणबत्त्या कुठल्या रंगाच्या, हे ज्याचं त्यानं ठरवलं.

हे ठरवणं पुढेही मोकळंच राहिलं. थॉमस एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन यानं १८८२ साली न्यूयॉर्कच्या आपल्या घरी झाडावर पहिल्यांदा विजेचे दिवे लावले. त्या ऐंशी दिव्यांचे रंग होते लाल, पांढरा आणि निळा. आज कुणा पोरानं निळे गोळे रंगवले तर त्याला टोकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

रंग भरणारी मुलं

छापील चित्रात मुलांनी रंग भरायची सुरुवात हौसेतून झालेली नाही. रंगीत छपाई स्वस्त होण्याआधी एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये बालपुस्तकांची चित्रं हातानं रंगवली जात, आणि हे काम मोठ्या प्रमाणावर मुलंच करत. एका लांब टेबलाभोवती पोरं बसायची. एकाकडे लाल, दुसऱ्याकडे निळा, तिसऱ्याकडे पिवळा. चित्र हातोहात पुढे सरकायचं आणि प्रत्येक जण आपापल्या रंगाचे ठरलेले फराटे मारायचा. कुठे काय भरायचं याचा नमुना समोर ठेवलेला असे. याच काळात खेळण्यातल्या नाटकघरांचे छापील कागद दोन दरांनी विकले जात : बिनरंगी एक पेनी, रंगवलेला दोन पेन्या. खिशात एकच पेनी असलेलं पोर बिनरंगी कागद घेई आणि घरी जाऊन स्वतः रंगवी. मजुरी आणि मौज एकाच गल्लीत शेजारी शेजारी नांदत होत्या.

मुलांनी रंगवावं म्हणूनच काढलेलं पुस्तक याच काळात बाजारात आलं. केट ग्रीनवे या चित्रकर्तीच्या बाह्यरेषांचं ‘लिटल फोक्स पेंटिंग बुक’ लंडनमध्ये १८७९ साली निघालं. ते जलरंगांसाठी होतं. म्हणजे ब्रश, पाण्याची वाटी आणि मोठ्यांची देखरेख हे सगळं आलंच. तीन वर्षांच्या हातात सहज मावेल असं साधन आलं विसाव्या शतकात. बिनी अँड स्मिथ या अमेरिकन कंपनीनं १९०३ साली ‘क्रेयोला’ नावानं मेणाच्या खडूंची पेटी काढली. आठ रंग, किंमत पाच सेंट. पॅराफिन मेणात रंगद्रव्य घोटून केलेला हा खडू ना सांडत ना वाळायची वाट पाहायला लावत. रंगभरणाचं पुस्तक आणि मेणाचा खडू यांची जोडी जमली ती जमलीच.

आपल्याकडे उंटाच्या चित्राची पेटी आली. दि. प. दांडेकरांनी १९३१ साली भावाच्या साथीनं मुंबईत शाई बनवायला सुरुवात केली. त्यातून कॅमलिन उभी राहिली आणि पुढच्या पिढीत सुभाष दांडेकरांनी तिला रंगसाहित्याकडे वळवलं. महाराष्ट्रातल्या कित्येकांची पहिली रंगपेटी उंटाचीच. रंगभरण स्पर्धा, मग शाळेतली चित्रकलेची वही, मग एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा अशी वाटही इथे पक्की झाली. त्या वाटेच्या तोंडाशीच मूल एक धडा शिकतं : चांगलं रंगवणं म्हणजे रेघेबाहेर न जाणं. परीक्षकाला तीनशे कागद तासाभरात निवडायचे असतात, तेव्हा हा निकष सोयीचा पडतो. तीन वर्षांच्या मुलासाठी तो कितपत रास्त आहे हे पाहायला मुलाच्या हाताकडे जरा जवळून बघावं लागतं.

तिरप्या रेघेची गोष्ट

दोन वर्षांचं मूल खडू मुठीत आवळून धरतं आणि हात खांद्यापासून हलवतं. मनगट अजून कामाला लागलेलं नसतं. म्हणून त्याचे फराटे लांब आणि कमानदार येतात. रेघेवर थांबायचा ब्रेक त्याच्या हातात अजून बसलेलाच नाही. तिसऱ्याच्या आसपास खडू बोटांत उतरतो, पण तळवा उपडा आणि हालचाल कोपरापासून. साडेतीन-चारला तीन बोटांची चिमूट दिसू लागते, तरी बोटं एका जागी ताठ असतात. बोटांच्या पेरांतून बारीक हालचाल करत एका गोळ्याच्या आत रंग फिरवणं बहुतेकांना पाचाच्या पुढेच नीट जमतं. आता तो झेरॉक्सचा कागद पुन्हा डोळ्यांपुढे आणा. सुपारीएवढे गोळे, त्यावर बारीक पट्टे, वर कडी. साडेतीन वर्षांच्या हाताला हे काम देणं म्हणजे त्याला नापास करायची तयारी करून ठेवणं. पोर गॅलरीत पळालं ते कंटाळ्यानं नव्हे.

झाडाच्या आकाराचीही एक गोष्ट आहे. बालवाडीत रेघांचा क्रम ठरलेला असतो : उभी रेघ, आडवी रेघ, गोल, मग तिरपी. हा क्रम मुलांच्या वाढीशी जुळणारा आहे. समोर काढून दाखवलेला गोल मूल साधारण तिसऱ्या वर्षी उतरवतं, अधिक चिन्ह चौथ्याच्या आसपास, चौकोन त्यानंतर, आणि त्रिकोण पाचाच्या सुमारास. पतंगासारखा उभा चौकोन तर सातापर्यंत दमवतो. अमेरिकन विकासशास्त्रज्ञ आर्नल्ड गेझेल यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशा पायऱ्या बारकाईनं नोंदवल्या. अडचण तिरपेपणाची आहे. उभं आणि आडवं यांना कागदाच्या कडांचा आधार असतो. तिरप्या रेघेला कशाचाच नसतो. डेव्हिड ओल्सन यांनी १९७० साली एक अख्खं पुस्तक लिहिलं ते मुलाला तिरपेपणा कधी आणि कसा उमगतो एवढ्याच प्रश्नावर.

नाताळचं झाड म्हणजे नुसत्या तिरप्या रेघा. त्यामुळे तीन-साडेतीनच्या मुलाला झाडाची बाह्यरेषा छापून देणं यात काही गैर नाही. ती त्याला काढता येणारच नसते. पाच वर्षांच्या मुलासाठी हेच झाड तिरपी रेघ गिरवायचा उत्तम बहाणा आहे. त्याला छापील त्रिकोण देणं म्हणजे नेमकी त्याच्या वयाची मेहनत हिरावून घेणं. एकच कागद नर्सरीपासून सिनिअर केजीपर्यंत सगळ्यांना वाटला जातो तेव्हा हा फरक कुणाच्याच लक्षात येत नाही.

मुलांना मोकळं सोडलं तर आणखी एक गंमत बघायला मिळते. उतरत्या छपराच्या घराचं चित्र काढताना लहान मुलं धुराडं सरळ उभं न काढता छपराच्या उताराला काटकोनात काढतात, म्हणून ते कलंडलेलं दिसतं. ज्याँ पियाजे आणि बार्बेल इन्हेल्डर यांनी १९४८ साली मुलांच्या अवकाशज्ञानावर पुस्तक लिहिलं, त्यात उतारावर काढलेल्या झाडांची आणि घरांची अशी उदाहरणं आहेत. नाताळच्या झाडाच्या दोन्ही बाजू उतरत्याच असतात. त्या कडेला मेणबत्ती किंवा घंटा लटकवायला सांगा आणि पाहा : घंटा खाली लोंबायच्या ऐवजी बाहेरच्या बाजूला ताठ उभी राहील. ते चुकलंय असं समजून खोडू नये. त्या क्षणी मुलासाठी ‘खाली’ कुठे आहे, ते उताराच्या रेघेवरून ठरतं की जमिनीवरून, याची ती नोंद असते. छापील घंटा नेहमी अचूक खालीच लोंबते. तिच्यावरून मुलाबद्दल काहीच कळत नाही.

पक्ष्याचं काय झालं?

छापील चित्रांवर सर्वांत कडक टीका केली ती व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी. हे ऑस्ट्रियाचे ज्यू शिक्षक. व्हिएन्नात त्यांनी अंध मुलांना शिल्पकला शिकवली होती. नाझींनी ऑस्ट्रिया गिळल्यावर १९३८ मध्ये देश सोडून ते अमेरिकेत गेले. त्यांचं ‘क्रिएटिव्ह अँड मेंटल ग्रोथ’ १९४७ साली आलं आणि जगभरच्या कलाशिक्षकांनी ते अभ्यासलं. त्यात गाजलेलं एक उदाहरण पक्ष्यांचं आहे. मूल आधी आपल्या मनानं पक्षी काढतं, पंख-चोच सगळं आपल्या हिशेबानं. मग वर्कबुकातले ठराविक पक्षी त्याला रंगवायला आणि उतरवायला दिले जातात. त्यानंतर पुन्हा मनानं पक्षी काढायला सांगितलं की ते वर्कबुकातलाच पक्षी काढतं. स्वतःचा पक्षी त्याच्याकडे होता. आता तो नाही. लोवेनफेल्ड यांचा राग रेघेबाहेर गेलेल्या रंगावर नव्हता. ‘मला काढता येत नाही’ हे मुलाच्या मनात शिरतं ते अशा चित्रांमुळे, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांच्याही आधी जपानमध्ये हाच वाद झाला, आणि त्याचा शेवट आपल्या कपाटातल्या खडूपेटीपर्यंत येतो. तिथल्या शाळांत चित्रकला म्हणजे छापील नमुन्यावरून हुबेहूब उतरवणं अशी रीत होती. चित्रकार कानाए यामामोतो युरोपातून परतताना मॉस्कोत राहिले. तिथे त्यांनी मुलांची मोकळी चित्रं पाहिली. १९१९ मध्ये नागानो भागात त्यांनी मुलांच्या मुक्त चित्रांची चळवळ उभी केली. पण खेडेगावातल्या मुलाला स्वस्त आणि झटपट रंग हवा होता. मेणाचा खडू फिका पडायचा, एका रंगावर दुसरा नीट चढायचा नाही. साकुरा कंपनीच्या लोकांनी यामामोतोंच्या सल्ल्यानं प्रयोग केले आणि १९२०च्या दशकाच्या मध्यावर मेणात तेल मिसळून मऊ, दाट खडू तयार केला. आपण ज्याला ऑइल पेस्टल म्हणतो तो हाच. नमुन्याबरहुकूम उतरवण्याविरुद्ध लढताना जन्मलेला हा खडू आज छापील झाडांच्या आतल्या रेघा सांभाळायला वापरला जातो.

नाताळशी थेट जोडलेला एक अभ्यासही इथे सांगण्यासारखा आहे. चार्ल्स सॉली आणि जेरार्ड हेग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५७ साली लहान मुलांकडून नाताळच्या आधी आणि नंतर सांताक्लॉजची चित्रं काढून घेतली. सण जवळ येत गेला तसतसा कागदावरचा सांता मोठा झाला, त्याची पोतडी फुगली. सण सरल्यावर तो लहान झाला. या निष्कर्षावर पुढच्या संशोधकांनी शंकाही घेतल्या. पण मुळात असा प्रश्न विचारता आला तो चित्रं मुलांनी काढलेली होती म्हणूनच. छापील सांता १ डिसेंबरलाही तेवढाच आणि ३१ डिसेंबरलाही तेवढाच.

दुसरी बाजूही खरी आहे, आणि ती बालवाडीच्या ताईंकडून ऐकावी. वर्गात तीस मुलं, सोबत एक मदतनीस, हातात वीस मिनिटं. कोऱ्या कागदापुढे काही मुलं खरोखर गोठतात. छापील झाड दिलं की त्यांचा खडू निदान कागदाला लागतो. बुजरं, नवीन आलेलं, घरी वेगळीच भाषा बोलणारं मूल पटकन सगळ्यांत मिसळतं. शांत बसून एका जागेत रंग भरत राहण्यात मुलांना सुखही वाटतं. हे सगळं मान्य केलं तरी झाडावरचे गोळे छापायचं कारण त्यातून निघत नाही. गोठलेल्या मुलाला आधार हवा असतो तो झाडाचा. गोळे त्याला लावता येतात.

दिवाळीत पोरं किल्ला करतात तेव्हा आपण हे बरोबर ओळखतो. माती, दगड, पोतं आणून देतो, फार तर पायथा रचून देतो. मावळे कुठे उभे करायचे, गुहा कुठे, हळीव कुठे पेरायचं, यात मोठ्या माणसानं नाक खुपसलं की पोरं हाकलून देतात. तोच बाप डिसेंबरात पोराला ‘गोळा लालच कर’ म्हणून सांगतो.

दाराबाहेरचं सुरूचं झाड

छापील झाड फर किंवा स्प्रूसचं असतं. लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात नॉर्वेहून १९४७पासून दरवर्षी येतं ते स्प्रूस. थंड मुलखात ही झाडं निमुळती वाढतात. मधला शेंडा जोर धरतो आणि बाजूच्या फांद्यांना मागे ठेवतो. आपल्या किनाऱ्यावर त्यांची जागा सुरूनं घेतली. कोकण-गोव्याच्या पुळणीवर लावलेल्या सुरूची फांदी मुंबईत आणि गोव्यात पिढ्यान् पिढ्या नाताळचं झाड म्हणून घरात आली. रोपवाटिकांत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून कुंडीत मिळतो तो अरौकेरिया; त्याच्या फांद्या मजल्यामजल्यानं आडव्या पसरतात. सुरूची फांदी राखाडी-हिरवी, लोंबती, केसाळ. त्रिकोण तिच्यात शोधूनही सापडत नाही. वसईच्या किंवा म्हापशाच्या मुलाला आधी दारातल्या सुरूखाली नेऊन ती काडी हातात द्यावी, जोडावर मोडून पाहू द्यावी आणि मग कागद द्यावा. त्याच्या झाडाला सुया येतील, आणि त्या खाली लोंबतील.

वसईत नाताळची खरी धांदल झाडापेक्षा गोठ्याची. माती, पेंढा, गवताची डोंगरी, बाळ येशू, मेंढरं. वाडीवाडीतली मुलं त्यात कोपरापर्यंत बुडालेली असतात. चांदणीचे कंदील टांगतात, आणि दिवाळीचा आकाशकंदील केलेल्या हाताला त्या पाच कोनांची सवय असतेच. वसईच्या किंवा गोव्याच्या वर्गात नाताळ साजरा करायचा तर ही सगळी सामग्री उंबरठ्यावरच आहे. एका झेरॉक्सवर भागवायची गरज नाही.

वसईच्याच पालघर जिल्ह्यात वर डहाणूकडे आणखी मोठा धडा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. माँटेसरीची महागडी साधनं आदिवासी पाड्यांना परवडणारी नव्हती. या दोघींनी बिया, शंख-शिंपले, पानं, खडे, माती यांचीच साधनं केली; मूल शाळेत येईना तेव्हा शाळाच अंगणात नेली. या पाड्यांच्या भिंतींवर वारली चित्रं होती : गेरूच्या भुईवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, आणि माणूस म्हणजे टोकाशी जुळलेले दोन त्रिकोण. दिवंगत जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं भिंतीवरून कागदावर आणि पुढे जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एका पांढऱ्या रंगात तिथे झाडं होतात, पानापानांनी भरतात, आणि हिरवा कुठे आहे असं कुणी विचारत नाही.

चार तास, चार झाडं

मग वर्गात नेमकं करायचं काय? चार गोष्टी सुचवतो. साहित्य शाळेत आणि स्वयंपाकघरात असतंच.

पहिली, अडीच-तीन वर्षांच्यांसाठी. मोठ्या कार्डशीटवर बोटभर जाडीच्या रेघेनं एकच मोठा त्रिकोण, आत काही नाही. खडूवरचा कागद सोलून तो आडवा धरायला द्यावा. आडवा खडू फिरवला की खांद्यातून येणारा फराटा कामी येतो, रंग भराभर पसरतो. रंग रेघेबाहेर जाणारच. नंतर ताईंनी त्रिकोण कापून काळ्या कागदावर चिकटवला की कड आपोआप स्वच्छ होते, आणि ‘बाहेर गेलं’ हे बोलायला जागा उरत नाही.

दुसरी, भेंडीचा ठसा. भेंडी देठाकडून आडवी कापली की तिचा काप चांदणीसारखा उमटतो. उथळ बशीत पातळ स्पंजाचा तुकडा, त्यावर घट्ट पोस्टर रंग. मुलानं भेंडी स्पंजावर दाबायची आणि झाडावर टेकवायची. पहिला ठसा बदबदीत येतो, दुसरा नेमका, तिसरा फिकट. तीन ठशांत रंग का संपतो हे मूल स्वतःच शोधतं आणि मग मुद्दाम फिकट चांदण्या लांब, गडद चांदण्या जवळ लावू लागतं. बोटांचे ठसे हेच काम गोळ्यांसाठी करतात. चमकी मात्र नको. ती डोळ्यांत जाते आणि जमिनीवरून निघत नाही.

तिसरी, चार-पाच वर्षांच्यांसाठी, मेण आणि पाण्याची. पांढऱ्या जाड कागदावर पांढऱ्या आणि पिवळ्या मेणाच्या खडूनं झाड आणि दिवे काढायचे. जोर लावून, म्हणजे मेणाचा थर बसेल. पांढऱ्यावर पांढरं काही दिसत नाही, म्हणून मुलं खुदखुदतात. मग निळा किंवा जांभळा जलरंग भरपूर पाण्यात कालवून रुंद ब्रशनं वरून फिरवायचा. मेणावर पाणी ठरत नाही. थेंब थेंब होऊन बाजूला सरकतं आणि रात्रीत दिवे लागतात. ब्रश एकदाच फिरवावा, घासू नये, नाहीतर कागदाचा लगदा होतो.

चौथी, मोठ्या गटासाठी सामूहिक झाड. भिंतीवर तपकिरी कागदाचं एक मोठं झाड, किंवा अंगणातून आणलेली खरी सुरूची फांदी. प्रत्येक मुलानं एकच वस्तू करून लावायची : कागदाचा गुलाब, चुरमुऱ्यांची माळ, आजोबांचा चष्मा, रिक्षा, जे हवं ते. थर्माकोलची सजावट तर २०१८च्या बंदीनंतर राज्यात चालतच नाही, त्यामुळे मुलांच्या हातच्या वस्तूंना भिंतीवर भरपूर जागा आहे.

यातल्या कशालाही पैसा फारसा लागत नाही. लागतो तो धीर, आणि तो मुलांपेक्षा मोठ्यांना जास्त लागतो. भिंतीवर जांभळी, वाकडी, अर्धवट झाडं लागली की काही पालक विचारणार, ‘‘हे काय शिकवता?’’ त्याचं उत्तर चित्राखालीच लिहून ठेवावं. मूल झाडाबद्दल जे बोललं ते एक वाक्य, त्याच्याच शब्दांत, तारखेसह. ‘हा गोळा नाही, ही माझी आत्या आहे’ असं काही वाचलं की प्रश्न विचारणारा पालकही दोन मिनिटं थांबतो, आणि पुढच्या वर्षीच्या झाडाशी ताडून पाहायला शाळेकडे काहीतरी उरतं.

ज्या ताईंना एवढंही शक्य नाही, तीस मुलं आणि वीस मिनिटं एवढंच ज्यांच्या हातात आहे, त्यांच्यासाठी एक सोपी युक्ती. गेल्या वर्षीचा मूळ कागद कपाटात असेलच. झेरॉक्सला द्यायच्या आधी व्हाइटनर घ्या आणि त्यावरचे गोळे, घंटा, फिती, खोकी, शेंड्याची चांदणीसुद्धा पुसून टाका. झाडाची बाहेरची रेघ राहू द्या. खर्च एका प्रतीला तेवढाच येतो, आणि भिंतीवर लागलेली झाडं ओळखायला नावं वाचावी लागत नाहीत.